बरोबरी झाली की शून्य

शंभरीकाकांचा ऑफिसात दरारा होता, आणि तो त्यांनी आवाज चढवून नव्हे, मोजून मोजून मिळवला होता. रेडिओवरून जाणारे संदेश वाटेत किती खराब होतात आणि त्यातले किती पलीकडे दुरुस्त करून घेता येतात, हे तपासणं त्यांचं काम. त्याचा आलेख काढायचा, आणि आलेखावर एक ठिपका जरी द्यायचा तरी त्या जागी निदान शंभर संदेश बिघडलेले मोजून झाले पाहिजेत, असा त्यांचा दंडक. कुणी पाच-सात चुकांच्या जोरावर रेघ ओढून आणली की काका चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, "शंभरी भरू द्या की जरा. एवढी कसली घाई?" नाव पडलं ते त्यावरून. काकांना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

लग्नाला एवढी वर्षं झाली तरी नवरा नेमकं काय करतो हे काकूंना उमजलं नव्हतं. एकदा त्यांनी नेट लावून विचारलंच. काका म्हणाले, "समज, मी फोनवर काहीतरी आणायला सांगितलं. तुला पुढचा 'सा' ऐकू आला, शेवटचा 'र' ऐकू आला, मधलं खरखरीत गेलं. काय आणशील?"

"साखर."

"साबण का नाही?"

"शेवटी र आहे ना! शिवाय साबण कालच आणलाय."

"झालं. हेच माझं काम."

"याचा पगार देतात तुम्हाला?" काकू म्हणाल्या.

पगार देतात, कारण साबण कालच आणलाय हे यंत्राला माहीत नसतं. म्हणून शून्य आणि एक यांची संदेशाची माळ पाठवतानाच तिच्यात जास्तीची काही चिन्हं गुंफतात. ती अशा बेतानं, की ठरवून दिलेल्या प्रत्येक गटात 'एक' किती वेळा आला ते मोजलं तर आकडा समच भरावा. पलीकडच्या रेडिओला काही चिन्हं स्पष्ट ऐकू येतात, काही पुसट. मग प्रत्येक गटावर बसवलेला पंच आपल्या गटातल्या एकेकाला सांगतो, 'बाकीच्यांकडे बघता तू एक असावास.' दुसऱ्या गटाचा पंच त्यालाच म्हणतो, 'मला तर तू शून्य वाटतोस.' ते चिन्ह सगळ्यांचं ऐकून घेतं, आपलं मत थोडं बदलतं, नवं मत पंचांना कळवतं, आणि पुन्हा फेरी सुरू. अशा फेऱ्यांवर फेऱ्या होत माळ सुधारत जाते. यात एक पथ्य फार कडक आहे. ज्याचं मत त्यालाच परत ऐकवायचं नाही. नाहीतर आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकून गड्याला वाटतं, बघा, मला साक्षीदार मिळाला. नवीन कोणी कामावर आलं की काका हे पथ्य पहिल्याच दिवशी शिकवत.

या धंद्यात आणखी एक सोय सगळेच वापरतात. तपासणीसाठी खरे संदेश बनवत बसायचं नाही. नुसती शून्यांची माळ घ्यायची, संगणकातच तिच्यावर बनावट खरखर सोडायची, फेऱ्या करू द्यायच्या, आणि शेवटी किती शून्यांचे एक झाले ते बघायचं. शून्यांच्या माळेवर जो निकाल लागतो तोच कुठल्याही संदेशावर लागणार, हे गणितानं सिद्ध झालेलं आहे. अट इतकीच, की पंचमंडळींनी शून्य आणि एक यांच्यात आपपरभाव करता कामा नये. काकांनी उभ्या नोकरीत कोट्यवधी शून्यं पाठवली. त्या अटीकडे त्यांनी पुन्हा वळून पाहिलं नव्हतं, कारण आपल्या हातून आपपरभाव होईल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्या वर्षी लहान होड्यांसाठी एक स्वस्त रेडिओ बनत होता. वादळाचा इशारा आणि इंजिन बंद पडल्याची हाक, एवढंच त्यावरून जायचं. स्वस्त म्हणजे चिप लहान, आणि चिप लहान म्हणजे पंचांची अक्कलही बेताची. त्यांनी बारीकसारीक आकडे सांगायचे नाहीत. 'नक्की', 'बहुतेक', 'सांगता येत नाही' अशा मोजक्या शब्दांत मत द्यायचं. एवढ्या गरीब सामग्रीवर काकांनी असा प्रोग्राम लिहिला की सिग्नल जरा वाढवताच चुका भराभर घटल्या, आलेख कड्यासारखा सरळ खाली उतरला. मोठे साहेब तो आलेख चौकटीत घालून भिंतीवर लावायचे तेवढे बाकी होते.

आणि मग टेस्टिंगवालीचा आलेख आला. ही बाई करारावर कामाला होती. नमुन्याची चिप बोर्डावर बसवायची, वायरी जोडायच्या, खरेखुरे संदेश पाठवायचे आणि काय होतं ते लिहून द्यायचं, हे तिचं काम. तिच्या या नमुन्यात प्रोग्राम पुन्हा पुन्हा बदलून भरता येत असे. खरी चिप एकदा कारखान्यातून छापून आली की मात्र बदलाचं नाव नको. तिचा आलेख थोडा उतरला आणि चक्क आडवा झाला. सिग्नल कितीही वाढवला तरी काही संदेश बिघडतच राहिले. कडा संपून पठार लागावं तसं दिसत होतं.

बैठकीत ती म्हणाली, "बोर्ड बदलून पाहिला, काका. तरी हेच येतंय. कदाचित तुमच्या प्रोग्राममध्येच कुठेतरी—"

काकांनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "किती चुका मोजल्यास?"

"चाळीसेक."

"चाळीस! अगं, शंभरापर्यंत पाढे आलेत ना तुला?" काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. लोक हसायच्या तयारीतच होते. "नाचता येईना, अंगण वाकडं. आधी वायरी जोडायला शीक, मग दुसऱ्याच्या प्रोग्रामवर बोट ठेव."

लोक मनापासून हसले. तिनं आपला कागद उलटा करून मांडीवर ठेवला. मोठे साहेब म्हणाले, "काका म्हणतायत म्हणजे वायरिंगच असणार." ते ऐकून काकांना वाटलं, बघा, साहेबांनाही तेच दिसलं. साहेबांना काडीचंही काही दिसलं नव्हतं. काकांचंच मत साहेबांच्या तोंडून फिरून काकांपाशी आलं होतं. पण पथ्यं काय, दुसऱ्यांना शिकवायला बरी असतात. त्याच आठवड्यात साहेबांनी ठरवून टाकलं की महिनाअखेर संपणारा तिचा करार पुढे वाढवायचा नाही. निघेपर्यंत तेवढ्या वायरी नव्यानं जोडून दे, म्हणून तिला सांगण्यात आलं.

काका वाईट मनाचे नव्हते. पण जिंकलेल्या माणसाला अजून जरासं जिंकावंसं वाटतं, तशी त्यांना हुक्की आली. तिनं पाठवलेले संदेशच आपल्या प्रोग्राममध्ये घालायचे, कडा सरळ उतरलेला दाखवायचा आणि तिची उरलीसुरली बोलती बंद करायची. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ते संदेश लावून दिले आणि डबा खाऊन परत आले. पडद्यावर पठार होतं. शंभरच्या वर चुका भरल्या होत्या. कुठे बोर्ड नव्हता, कुठे वायर नव्हती, आणि आलेख हुबेहूब तिचाच होता.

दुपारभर त्यांनी ओळ अन् ओळ तपासली. चूक सापडली ती अगदी शेवटच्या निकालाच्या ओळीत. 'मतांची बेरीज उणे आली तर एक, नाहीतर शून्य.' शून्याकडचं मत अधिक धरायचं आणि एकाकडचं उणे, असा हिशेब. कधीतरी जुन्या काळी त्यांनीच लिहिलेली ओळ, पुढच्या प्रत्येक प्रोग्रामात तशीच उचलत आणलेली. आता त्या 'नाहीतर'मध्ये काय काय बसतं बघा. बेरीज अधिक आली ती तर बसतेच, पण बेरीज बरोबरीत सुटली तीही बसते. म्हणजे ज्या चिन्हाबद्दल पंचांना शेवटपर्यंत काही सांगताच आलं नाही, तेही मुकाट शून्य. पूर्वी पंच बारीक आकड्यांत बोलत, तेव्हा बरोबरी क्वचित व्हायची आणि खपून जायचं. या रेडिओत मोजकेच शब्द, त्यामुळे बरोबरी पावलोपावली. आणि काकांनी पाठवलं काय होतं? नुसती शून्यं. गुरुजींनी कोऱ्या उत्तराला पैकीच्या पैकी मार्क द्यावेत आणि वर निकाल चांगला लागला म्हणून पेढे वाटावेत, तशातली गत. खऱ्या संदेशात अर्धे एक असतात, आणि तिथे तीच बरोबरी तोंडघशी पाडत होती.

काकांचे कान तापले. आजूबाजूला सगळे आपापल्या पडद्यात डोकं घालून बसले होते, तरी त्यांना वाटलं की सगळे आपल्याकडेच बघतायत. त्यांनी पडदा बंद केला, उगाच पाणी प्यायले, परत सुरू केला. ओळ तिथेच होती. दुसऱ्यांच्या चुका मोजण्यात हयात गेली आणि आपल्या दिव्याखाली हा एवढा अंधार! चुकीपेक्षाही त्यांना 'वायरी जोडायला शीक' हे आपलं वाक्य आणि त्यामागचं हसू जास्त टोचलं.

त्याच क्षणी उठून तिच्या टेबलापाशी गेले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण पाय निघेना. आधी दुरुस्त तर करू, मग सांगू, असं त्यांनी मनाला समजावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यामागचं खरं कारण. त्यांनी ओळ बदलली. बरोबरी झाली तर रेडिओनं मुळात जे ऐकलं असेल तिकडे झुकायचं. तपासणीही खऱ्या संदेशांवर घेतली. कडा पहिल्याइतका देखणा राहिला नाही, पण प्रामाणिक झाला आणि पठार कुठल्या कुठे खाली गेलं. काकांनी ती 'सुधारित आवृत्ती' म्हणून पाठवून दिली. का सुधारली, कशी सुधारली, याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

योगायोग असा की टेस्टिंगवालीनं त्याच सुमारास सगळ्या वायरी नव्यानं जोडल्या होत्या. तिच्या बोर्डावरही आता निकाल चांगला येऊ लागला. झालं! वायरी सुधारल्या म्हणून निकाल सुधारला, असा सगळ्यांचा ग्रह झाला, आणि नवी आवृत्ती म्हणजे काकांनी वर चढवलेला कळस. मोठ्या साहेबांनी ऑफिसभर पत्र पाठवलं, 'टेस्टिंगच्या गोंधळातूनही काकांनी प्रोग्राम आणखी सुधारून दाखवला, त्यांचे अभिनंदन.' येता-जाता लोक पाठ थोपटू लागले. काका मूग गिळून बसले. दर थापेबरोबर त्यांची मान थोडी थोडी खाली जात होती आणि लोक म्हणत होते, बघा, किती विनम्र माणूस.

घरी तर आणखीच पंचाईत. काकूंचा भाचा गणितात गटांगळ्या खात होता आणि काकू फोनवर त्याला बोधामृत पाजत होत्या. "तुझ्या काकांकडे बघ. एक चूक म्हणून खपत नाही त्यांना. आजच साहेबांनी सगळ्यांना पत्र पाठवलं त्यांच्या नावानं."

"पुरे गं," काका एकदम खेकसले.

काकूंनी फोन ठेवला. "कौतुक करायची चोरी झाली का आता?"

"कौतुक नको म्हटलं ना."

"बरं बाबा, नाही करत. भांडायला तरी कारण सांगा."

काका ताटावर जाऊन बसले. या बाईसमोर आपण आयुष्यभर शहाणे म्हणून वावरलो, आता हिच्यासमोर तोंड उघडायचं कसं, या विचारानं त्यांना अन्न गोड लागेना.

शेवटी धीर करून ते टेस्टिंगवालीच्या टेबलाशी गेले. सांगायचं म्हणूनच गेले होते. ती वायरींना कथलाचा डाग देण्याचं काम बाजूला ठेवून प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधत होती, आपल्यामागून येणाऱ्याला कुठली कुठे जाते ते कळावं म्हणून. काकांना बघून तिनं त्यांच्यासाठी स्टूल पुसलं.

"काका, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"माझं नेमकं कुठे चुकलं होतं? मला अजून सापडत नाहीये. जुन्या जोडणीचा फोटो किती वेळा पाहिला. दुसरीकडे मुलाखतीला बोलावलंय, तिथे विचारतील करार का संपला. काय चुकलं हेच माहीत नसेल तर सांगू काय?" ती थोडं थांबली. "तुम्ही सगळ्यांसमोर बोललात ते लागलं मला, नाही कशाला म्हणू? पण खरंच होतं ते. आईला मी तसंच सांगितलं. ती आपली म्हणते, तुझी चूक नसणार. आईच ती. घरात आम्ही दोघीच, तिला दुसरं बोलायला कोण आहे?"

इतकं सोपं होतं. एक वाक्य. तिनं तर दार सताड उघडून धरलं होतं.

"होतं असं कधी कधी," काका म्हणाले. "जोडणीत... कळत नाही आपल्याला." आणि ते तिथून निघून आले.

जिन्यात येऊन ते कठडा धरून उभे राहिले. आपण आत्ता काय केलं हे त्यांना स्वच्छ कळत होतं. पहिल्यांदा चुकलो ते अजाणता, पत्र आलं तेव्हा गप्प बसलो ते भित्रेपणानं, पण हे आत्ताचं खोटं तर तिच्या डोळ्यात बघून बोललो. ती बाई आता मुलाखतीत जाऊन, न केलेली चूक आपल्या तोंडानं कबूल करणार होती. इतकी शरम त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती. भिंतीला टेकून थोडं रडूसुद्धा आलं, पण जिन्यात कुणीतरी वर येत होतं म्हणून त्यांनी चष्मा पुसल्याचं सोंग केलं.

चिप कारखान्यात छापायला जाण्याआधीची शेवटची बैठक महिनाअखेरीस झाली. टेस्टिंगवालीचा तो शेवटचा दिवस. ती कोपऱ्यात बसली होती. साहेब कागद पुढे ओढून म्हणाले, "तर मग, सगळ्यांचं एकमत आहे असं धरू."

"थांबा," काका म्हणाले. उभे राहिले. "तिच्या वायरी पहिल्यापासून बरोबर होत्या. चूक माझ्या प्रोग्राममध्ये होती."

आणि मग त्यांनी फळ्यावर ती ओळ लिहून दाखवली. खडू दोनदा तुटला. बरोबरी झाली की शून्य, आणि पाठवलीही शून्यंच. त्या खोलीतल्या सगळ्यांना ते ऐकताक्षणी कळलं. कुणी हसलं नाही.

"हे कधी ध्यानात आलं तुमच्या?" साहेबांनी विचारलं.

खरं काय ते सांगून टाकायला याहून सरळ संधी मिळाली नसती. पण काकांच्या तोंडून निघालं, "परवा. नवी आवृत्ती करताना ती ओळ सहज बदलली गेली होती. चूक तीच होती, हे परवा लक्षात आलं."

"मग काय एवढं, काका! होतं असं." साहेब मोकळे झाले. शेजारचा म्हणाला, "एका 'नाहीतर'ची तर गोष्ट." पलीकडचा म्हणाला, "आणि किती मोठ्या मनानं सांगितलंत." न केलेल्या चुकीबद्दल ज्या बाईला ही मंडळी खदाखदा हसली होती, तीच मंडळी केलेल्या चुकीबद्दल काकांना गोंजारत होती. काकांना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. तरी ते 'परवा' त्यांनी मागे घेतलं नाही.

"तिच्या कराराचं काय?" त्यांनी विचारलं.

"वाढवू की. आजच कागद काढायला सांगतो," साहेब तिच्याकडे वळले. "काय, राहणार ना?"

"उद्या सांगते," ती म्हणाली.

बैठक उठल्यावर ती बाहेर व्हरांड्यात काकांची वाट बघत थांबली होती. तिच्या चेहऱ्यावर ना राग ना आनंद. काका माफी मागायला म्हणून पुढे झाले, तर तिनं हातानंच थांबवलं.

"काका, चूक माझी होती हे मी आईला रोज सांगत होते. ती मानेना, मी भांडून भांडून पटवलं. आता मीच जाऊन सांगितलं की नव्हती, तर तिला वाटेल मी तिची समजूत काढतेय. तुम्ही सांगा." तिनं नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला, आणि समोरच उभी राहिली.

काकांनी सांगितलं. कोण बोलतोय, काय काम करतो, काय चुकलं, कसं चुकलं. पलीकडून 'हं', 'हं' एवढंच येत होतं. "तुमच्या मुलीची काही चूक नव्हती," काका शेवटी म्हणाले. "सगळी माझी."

"मी म्हणतच होते," आई म्हणाली. आवाज थकलेला होता, पण शब्द अगदी स्पष्ट. "एक विचारते. तुमच्या कौतुकाचं पत्र आलं ना सगळ्यांना, त्यात हिचा गोंधळ म्हणून लिहिलं होतं. त्या दिवशी ही घरी आली ती जेवली नाही. मला पत्र वाचून दाखवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या दिवशी तुम्हाला हे माहीत होतं?"

काकांनी वर पाहिलं. टेस्टिंगवाली त्यांच्याकडेच बघत होती. आतल्या खोलीत 'परवा' म्हणाले ते तिनं ऐकलेलं होतं, आणि फोनमधला आवाज तिला इथूनही ऐकू येत होता.

"हो," काका म्हणाले. "माहीत होतं."

"बरं," आई म्हणाली. "द्या फोन तिला."